मिसळीची फिरती गाडी

प्रश्न : जुना टेम्पो घेऊन मिसळीची गाडी सुरू करायची आहे. आधी काय करावं?

उत्तर : आधी आरटीओ. गाडीच्या रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मंजुरी लागते. फॅब्रिकेटर ‘नंतर बघू’ म्हणेल, ऐकू नका. अन्नसुरक्षेची नोंदणी ऑनलाइन होते. खरी कटकट जागेची. चाकं आहेत म्हणून कुठेही उभं राहता येत नाही. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे, पण महापालिकेत खेटे घालावेच लागतात. त्यापेक्षा सुरुवातीला खासगी आवार भाड्यानं घ्या, करार लेखी करा. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर चालणार नाही. १९ किलोचा व्यावसायिकच घ्या, उभा ठेवून साखळीनं बांधा. आणि कटाचं पातेलं भरून गाडी हलवू नका. गतिरोधकावर निम्मा रस्सा पत्र्यावर जातो.