कार्लोव्ही व्हारी : उष्णोदकाच्या नगरीत तीन दिवसांची पायपीट

बोहेमियाच्या पश्चिम मुलखात, प्राग राजधानीपासून सुमारे १३० किलोमीटरांवर, टेपला नदीच्या अरुंद दरीत वसलेले कार्लोव्ही व्हारी हे नगर जुन्या ग्रंथांतून कार्ल्सबाड या जर्मन नावाने आपल्या परिचयाचे आहे. परंतु तेथे जाणारे कित्येक प्रवासी सकाळी बसमधून उतरतात, स्तंभांच्या रांगांपुढे छायाचित्रे काढतात आणि सायंकाळी प्रागला परततात, त्यामुळे ज्या गुणासाठी हे नगर नावाजले तो, म्हणजे जलपान आणि पदभ्रमण यांचा संयोग, त्यांच्या वाट्याला येतच नाही. भटक्याने येथे निदान तीन दिवसांचा मुक्काम योजावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मृगयेला निघालेल्या सम्राट चौथ्या चार्ल्सच्या कुत्र्याला हे उष्णोदक प्रथम सापडले अशी दंतकथा आहे. इतिहास एवढे निश्चित सांगतो की, त्याच सम्राटाने १३७० साली या वस्तीला नगराचे हक्क देणारी सनद बहाल केली. आरंभी रुग्ण तासन्‌तास पाण्यात बसून राहत. १५२२ मध्ये वात्स्लाव पायर या वैद्याने आपल्या ग्रंथात स्नानाबरोबर प्राशनाचाही पुरस्कार केला आणि अठराव्या शतकात डेव्हिड बेखर याने झऱ्यापाशीच पाणी प्यावे व सोबत चालावे, या शिरस्त्याला बळ दिले. सभोवारच्या टेकड्यांवरील शंभर किलोमीटरांहून अधिक लांबीच्या वनवाटा या त्या उपचाराचेच अंग होत. गटे आणि बीथोव्हन येथे येऊन गेले; व्हिएन्नातील शस्त्रक्रियेनंतर १९३५ साली सुभाषचंद्र बोस यांनीही येथे विश्रांती घेतली.

पहिली सकाळ झऱ्यांना द्यावी. चिनी मातीचा एक चपटा पेला आधी विकत घ्यावा. त्याची मूठ पोकळ असून तीच चोचीचे काम करते, त्यामुळे कढत पाणी घोट घोट ओढता येते. योसेफ झीतेक या वास्तुविशारदाने १८७१ ते १८८१ या काळात उभारलेल्या म्लीन्स्का स्तंभवीथीत, १२४ स्तंभांच्या छायेत पाच झरे वाहतात. थोडे पुढे व्रझीड्लो हा प्रमुख झरा सुमारे ७३ अंश उष्णतेचे पाणी, मिनिटाला दोन हजार लिटरांच्या वेगाने, बारा मीटरपर्यंत उसळवतो. पाणी विनामूल्य मिळते, परंतु ते खारट व रेचक असल्याने उपाशीपोटी पेलाभरच घ्यावे, आणि हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्याच्या अनुज्ञेवाचून घेऊ नये.

दुसरा दिवस टेकडीचा. ग्रँडहोटेल पुपच्या मागून डायना शिखराकडे रज्जुरेल्वे जाते खरी, तथापि धडधाकट माणसाने वृक्षराजीतून पायीच चढावे, १९१४ साली बांधलेल्या मनोऱ्यावरून सारे खोरे डोळ्यांखाली घालावे आणि उतरताना येलेनी स्कोक या कड्याकडून यावे. वाट चुकण्याचे भय नाही. १८८८ साली स्थापन झालेल्या चेक पदभ्रमण मंडळाने झाडांवर व खांबांवर पांढऱ्या दोन पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टी रंगवण्याचा असा चोख बंदोबस्त ठेवला आहे की, निवडलेला रंग न सोडणे एवढेच आपले काम उरते.

तिसरा दिवस राखून ठेवावा तो ओहर्झे नदीच्या काठाने लोकेतला जाण्यासाठी. ही वाट पंधरा-सतरा किलोमीटरांची असून तिच्यात कठीण चढ नाही. मात्र खाण्यापिण्याची शिदोरी जवळ असावी आणि पाच तासांची सवड धरावी. मध्यंतरी स्वातोश्स्के स्काली नावाचे ग्रॅनाइटचे उंच सुळके लागतात, शापाने पाषाण झालेले लग्नाचे वऱ्हाड अशी ज्यांची आख्यायिका सांगतात; त्यांच्या पायथ्याशी झुलता पूल आहे. पुढे नदीने जवळजवळ पूर्ण वळसा घातलेल्या खडकावर लोकेतचा मध्ययुगीन दुर्ग उभा राहतो. याच गावात १८२३ साली गटेने आपला चौऱ्याहत्तरावा वाढदिवस साजरा केला. परतीची बस शनिवार-रविवारी क्वचितच सुटते, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.

मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. जुलैच्या आरंभी चित्रपट महोत्सवामुळे निवास दुर्मिळ व महाग होतो, तेव्हा ते दिवस टाळावेत. शेंगेन परवाना लागतो आणि व्यवहार कोरुना या चलनात चालतो. प्रागहून आगगाडीपेक्षा बस लवकर, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास, पोहोचवते. आधी झरे, मग टेकडी, मग नदी हा क्रम मात्र मोडू नये. कारण प्रत्येक दिवशी चाल थोडी वाढत जाते, आणि तिसऱ्या दिवशीच्या दीर्घ वाटेसाठी पाय व मन दोन्ही सिद्ध होतात.