बाहुली कुणाची? : एका बडतर्फीच्या निमित्ताने

लहानपणी एकवीरादेवीच्या यात्रेत, पांझरेच्या काठी, मी कठपुतळ्यांचा एक खेळ पाहिला होता. उभ्या केलेल्या खाटेवर गडद रंगाची चादर टाकलेली, बाजूला ढोलक वाजवणारी बाई, आणि चादरीपुढे नाचणारी घागरेवाली बाहुली. खेळ ऐन रंगात आला असता पडद्यामागच्या म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. बाहुली क्षणभर लोंबकळली, मग पुन्हा नाचू लागली. पण आता ती निराळीच नाचत होती. आधी गिरकी घेतल्यावर ती जराशी थबकायची, मान तिरपी करायची. आता नुसतीच गरगर फिरत होती. दोऱ्या मुलाने हाती घेतल्या होत्या, हे खेळ संपल्यावर कळले. मी ते बोलून दाखवले तेव्हा शेजारचा सोबती म्हणाला, “काय फरक पडना? बाहुली तीच शे ना!”

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. लोककलांचा अभ्यास करू लागल्यावर हाच वाद एका दूरदेशीच्या प्रकरणात पुन्हा भेटला, आणि तिथे तर मोठी जाणती माणसे माझी आणि माझ्या सोबत्याची बाजू घेऊन हिरिरीने भांडताना दिसली.

प्रकरण अमेरिकेतले आहे. जिम हेन्सन या कलावंताने १९५५ साली आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि टेबल टेनिसच्या चेंडूची दोन अर्धुके घेऊन एक बाहुली केली. तीच पुढे कर्मिट नावाचा बेडूक म्हणून जगभर गाजली. १६ मे १९९० रोजी हेन्सन अकाली वारला. कर्मिटचे काम त्याच्या मंडळीतील स्टीव्ह व्हिटमायर याच्याकडे आले. व्हिटमायर १९७८ पासून त्या मंडळीत होता. पुढे २००४ साली या साऱ्या बाहुल्या डिस्ने कंपनीने विकत घेतल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये व्हिटमायरला दूरध्वनीवरून सांगण्यात आले की, यापुढे तुमची गरज नाही. ही बातमी बाहेर फुटली जुलै २०१७ मध्ये. मॅट व्होगेल हा नवा कर्मिट जाहीर झाला आणि रसिकांत दोन तट पडले.

कंपनीचे म्हणणे असे की, व्हिटमायरचे व्यावसायिक वर्तन अनेक वर्षे अस्वीकारार्ह होते. हेन्सनच्या मुलांनी कंपनीची बाजू घेतली. तो इतरांशी कडवटपणे वागतो, आणि आपल्या भूमिकेसाठी दुसरा माणूस तयार होऊ देत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. व्हिटमायरचे म्हणणे याच्या नेमके उलट. एका संहितेत कर्मिट आपल्या पुतण्याशी, रॉबिनशी, खोटे बोलतो असे दाखवले होते. कर्मिट असे करणार नाही, असा त्याने आग्रह धरला. अशा सूचनांचा लेखकमंडळींना जाच वाटू लागला. शिवाय कलावंतांच्या संघटनेच्या नियमांवरूनही एक तंटा झाला, असे तो सांगतो. कुणाचे किती खरे, हे धुळ्यात बसून मी ठरवू नये हेच बरे. पण ‘कर्मिट असे करणार नाही’ या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. ते कोणत्या अधिकाराने म्हणता येते?

यासाठी ती बाहुली चालते कशी हे पाहावे लागेल. कर्मिटच्या डोक्यात कळ नाही, तरफ नाही. मऊ कापडाच्या पिशवीत कलावंताचा हात असतो आणि त्या हाताची बोटे व सांधे हाच कर्मिटचा चेहरा. बोटे आवळली की तो खट्टू होतो, अंगठा खाली गेला की तोंड वासतो. दुसऱ्या हाताने काड्यांच्या आधारे बाहुलीचे हात हलवायचे, डोके खाली घालून समोरच्या पडद्यावर आपलेच काम पाहायचे, आणि आवाजही स्वतःच द्यायचा. म्हणजे चेहरा, चाल आणि वाणी ही तिन्ही एकाच माणसाची. असा माणूस जवळजवळ सव्वीस वर्षे एकच पात्र करीत राहिला, तर ते पात्र काय करील आणि काय करणार नाही, हे लेखकाच्या आधी त्याच्या हातालाच कळत असणार.

व्हिटमायरच्या बाजूच्या रसिकांचा सारा भर यावर होता. पण त्यांच्या युक्तिवादात एक अडचण आहे, आणि विरुद्ध पक्षाने ती अचूक पकडली. व्हिटमायर हा मुळात दुसरा कर्मिट. हात बदलल्याने पात्र मरत असेल तर ते १९९० सालीच मेले. आणि मेले नसेल तर २०१७ सालीही मरण्याचे कारण नाही.

यावर मला असे वाटते की, हात बदलला की नाही हा प्रश्नच दुय्यम आहे. बदल कसा झाला हे पाहिले पाहिजे. याचे उत्तम उदाहरण त्याच परंपरेत सापडते. आठ फूट उंचीचा ‘बिग बर्ड’ हा पक्षी कॅरल स्पिनी १९६९ पासून करीत होता. त्याने फार आधीपासून एक शागीर्द हाताखाली घेतला, वय झाल्यावर त्या अवजड पोशाखातले काम हळूहळू त्याच्याकडे सोपवले आणि २०१८ साली निवृत्ती घेतली. तेव्हा रसिक हळहळले; पण तट पडले नाहीत. तो शागीर्द म्हणजे मॅट व्होगेलच! एकच माणूस एका ठिकाणी वारस ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी बदली कामगार.

आपल्याकडे यशवंत केशव पाध्ये यांचा अर्धवटराव १९६७ पासून रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसून बोलू लागला, आणि आता सत्यजित पाध्ये यांच्या रूपाने तिसरी पिढी त्याच्याशी बोलते. तिथे बाहुली आणि बोलविता धनी एकाच घरचे, आणि तो धनी प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर बसलेला. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करीत आले; त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. अशा परंपरेत बाहुल्यांची पेटी घरातच असते. पेटीला मालक निराळा आणि खेळाला माणूस निराळा, अशी फारकत नसल्याने बडतर्फी हा शब्दच उद्भवत नाही. अर्थात या व्यवस्थेचे फार कौतुकही नको. घराबाहेरच्या हुशार मुलाला त्या पेटीला हात लावायला कधी मिळणार?

फारकत सुरू होते ती चित्रपट-दूरदर्शनच्या धंद्यात. १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ चित्रपटातील तात्या विंचूची बाहुली पाध्यांची, तिचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. मग तात्या विंचू कुणाचा? उद्या आवाज बदलला तर पाचकंदिलावरचा कुणीही रसिक लगेच कान टवकारील. बाहुली हलवणारा हात बदलला तर फारच थोड्यांच्या ध्यानात येईल. बाहुलीवाल्याचे दुर्दैव हेच की, त्याचे काम जितके चांगले तितका तो अदृश्य.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेवांनी स्वतःला साइखड्याच्या बाहुल्याची उपमा दिली आहे, आणि सूत्र हालवणारा म्हणून गुरूकडे बोट दाखवले आहे. आपल्या जुन्या कल्पनेत बाहुले काहीच नव्हे, सूत्रधार सर्व काही. आजच्या कायद्यात हे नेमके उलटले आहे: बाहुलीला नाव आहे, किंमत आहे, मालक आहे, सूत्रधार पगारी. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपले नाव लावून घेण्याचा आणि सादरीकरणाच्या विकृतीला हरकत घेण्याचा हक्क मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. पण हा हक्क झालेल्या खेळाचा आहे. उद्याचा खेळ कुणी करावा याविषयी तो काही बोलत नाही. सादरकर्ता कोण, याच्या यादीत त्या कायद्याने जादूगार आणि गारुडी नावानिशी घातले आहेत. बाहुलीवाल्याला मात्र ‘इतर कोणीही’मध्ये जागा शोधावी लागते.

व्हिटमायरला काढण्याचा अधिकार कंपनीला होता, याविषयी मला शंका नाही. तो वागायला कठीण होता हेही खरे असू शकेल. पण सव्वीस वर्षांच्या हाताला दूरध्वनीवरून निरोप देताना, त्या हाताला जे ठाऊक होते ते दुसऱ्या हातात उतरवून घेण्याची संधी कंपनीने गमावली. आणि शागीर्द तयार होऊ न देण्याचा आरोप खरा असेल, तर तीच संधी व्हिटमायरने त्याच्या किती तरी आधी गमावली होती. रसिकांच्या वादात ही दुसरी बाजू फारशी कुणी मांडली नाही. आवडत्या कलावंताची चूक दिसणे कठीणच.

मी दोघांचेही खेळ लक्ष देऊन पाहिले. व्होगेलचा आवाज किंचित जड आहे. गाण्यात तो फारसा जाणवत नाही, पण कर्मिट वैतागून एकदम ओरडतो तिथे जाणवतो. आणि बोलता बोलता थांबून तो तोंड आवळतो, तेव्हा मी अजून आधीचा हात शोधतो.