विचारून ठेवले पाहिजे

आपल्या धम्मात प्रश्न विचारणे हा अपराध नाही. मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांतून ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथ उभा राहिला. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला पुढे त्याच राजाचे नाव मिळाले. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) धोंडीबाशी चाललेल्या संवादातूनच लिहिली. म्हणून लेखक-कलावंतांशी बोलणे ही केवळ वर्तमानपत्रवाल्यांची हौस आहे, असे आम्ही मानत नाही. तो अभ्यास आहे.

त्याची निकड समजायला बुलढाण्याबाहेर जावे लागत नाही. ताराबाई शिंदे याच गावच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून (आम्हा कारकुनांना तेवढाच अभिमान!) आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले. ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिले. जे दुर्गुण बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा रोखठोक सवाल. टर उडवणाऱ्यांत चळवळीतले लोकही होते. जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली.

पण पुढे? त्यांचे दुसरे पुस्तक नाही. पहिलेही विस्मरणात गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. त्यांना पाहिलेली माणसे मधल्या काळात एकेक करून गेली. त्या काय वाचत, कोणाशी वाद घालत, लिहिणे का थांबले, हे कोणी विचारून टिपून ठेवले नाही.

जलशांत, गायन पार्ट्यांत गायलेल्या आपल्या वृद्ध मंडळींचीही तीच गत होऊ घातली आहे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गाणी छापली गेली. गावोगावच्या कित्येकांची वही ट्रंकेतच राहिली. विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे सत्काराची शाल घेऊन नव्हे, कोरी वही घेऊन जावे. ‘आपली प्रेरणा कोण?’ असे विचारले की सगळे ‘बाबासाहेब’ म्हणतात. ते खरेच आहे, पण तेवढ्यावर उठू नये. हे गाणे प्रथम कुठल्या वस्तीत म्हटले, चाल कुठून घेतली, पेटी कोणाची होती, बायका गात होत्या का, ऐकताना कोण उठून गेले, हे विचारावे. उत्तर त्यांच्याच वऱ्हाडीत उतरवावे, शुद्ध करत बसू नये. गाव व तारीख घालावी, लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. वहीची झेरॉक्स काढून मूळ वही त्याच दिवशी घरच्यांच्या हाती परत द्यावी.