प्लग का तापतो? विजेचे सोपे गणित

दिव्यावर बारीक अक्षरांत ‘२३० व्होल्ट, ६० वॅट’ असे छापलेले तुम्ही पाहिले असेल. हल्ली एलईडी दिवे आल्यामुळे तिथे ९ वॅट दिसते. इस्त्रीवर, मिक्सरवर, पाणी तापवायच्या रॉडवरही असे आकडे असतातच. बहुतेक जण ते वाचतच नाहीत. आज आपण ते वाचू आणि त्यांवरून थोडे गणित करू.

विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून वाहणारा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. टाकी जितकी उंच तितके नळाचे पाणी जोरात येते, तसेच दाब जास्त तर प्रवाह जास्त. पण नळात कचरा अडकला की धार बारीक होते. विजेच्या वाटेत अशी जी अडवणूक होते तिला रोध म्हणतात. रोधाचे माप ओहम. हे नाव गेऑर्ग ओहम यांच्यावरून पडले. जर्मनीतल्या एका कुलपे बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. पुढे तो कोलोन शहरात शाळामास्तर झाला. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्याने मापे घेतली आणि १८२७ साली आपला नियम पुस्तकात छापला. सुरुवातीला लोकांनी त्याला फारशी किंमत दिली नाही. पण १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला पदक दिले.

त्याचा नियम एका ओळीचा आहे:
दाब ÷ प्रवाह = रोध.
दुसरी ओळ शक्तीची, म्हणजे वॅटची:
दाब × प्रवाह = शक्ती.

बस, भागाकार आणि गुणाकार! समजा, दोन सेलवर टॉर्चचा बल्ब लावला. व्होल्टमीटरने ३ व्होल्ट दाखवले आणि अँमीटरने ०.३ अँपिअर. मग रोध ३ ÷ ०.३ = १० ओहम, आणि शक्ती ३ × ०.३ = ०.९ वॅट. हा प्रयोग विज्ञानपेटीतल्या सामानावर करता येतो. मात्र सेलवरच करायचा. घरातल्या बोर्डावर मापे घेणे हे वायरमनचे काम.

घरातल्या वस्तूंवर दाब व वॅट छापलेले असतात, म्हणून प्रवाह उलटा काढायचा. ६० वॅटचा जुना दिवा घेतला तर ६० ÷ २३० = ०.२६ अँपिअर, आणि रोध ८८० ओहमच्या आसपास. (गंमत म्हणजे दिवा बंद असताना त्याचा रोध मोजला तर तो दहा-पंधरा पटीने कमी भरतो. आतली तार तापली की तिचा रोध वाढतो.)

आता पाणी तापवायचा रॉड घ्या. बंब जाऊन पुष्कळ घरी तोच आला आहे. त्यावर १५०० वॅट लिहिलेले असते. १५०० ÷ २३० = ६.५ अँपिअर. रोध २३० ÷ ६.५, म्हणजे सुमारे ३५ ओहम. दिव्याच्या पंचवीस पट प्रवाह! आपल्या घरातला छोटा प्लग ५ किंवा ६ अँपिअरचा असतो. म्हणजे रॉड त्याच्यात बसत असला तरी तो त्याच्यासाठी नाही. रॉडला १६ अँपिअरचा मोठा प्लगच पाहिजे.

खरी गोष्ट पुढेच आहे. पालकांनीही हे वाचावे. न्हाणीघरापर्यंत वायर पुरत नाही म्हणून आपण दुसरी वायर पीळ देऊन जोडतो आणि वर चिकटपट्टी गुंडाळतो. त्या सैल जोडाचा रोध समजा फक्त १ ओहम आहे. दिवा लावला तर जोडात किती उष्णता होईल? प्रवाहाला प्रवाहाने गुणायचे आणि मग रोधाने: ०.२६ × ०.२६ × १ = ०.०७ वॅट. हाताला कळणारसुद्धा नाही. म्हणून लोक म्हणतात, “वायर चांगली आहे, चार वर्षं दिवा चाललाय की तिच्यावर!”

त्याच जोडावर रॉड लावा. एकूण रोध ३५ + १ = ३६ ओहम. प्रवाह २३० ÷ ३६ = ६.४ अँपिअर. जोडातली उष्णता ६.४ × ६.४ × १ = ४१ वॅट. रेडिओ दुरुस्त करणारे २५ वॅटच्या सोल्डरिंगने शिसे वितळवतात. इथे तर घेवड्याच्या दाण्याएवढ्या जागेत ४१ वॅट! चिकटपट्टी मऊ होते, तांबे काळे पडते आणि रोध आणखी वाढतो. तो २ ओहम झाला की प्रवाह २३० ÷ ३७ = ६.२ आणि उष्णता ६.२ × ६.२ × २ = ७७ वॅट. असे ते वाढतच जाते, आणि जवळ कपडे किंवा गवत असेल तर पेट घेते.

“पण फ्यूज उडेल ना?” नाही उडणार. आकडे पुन्हा पाहा. प्रवाह ६.५ वरून ६.४ झाला, मग ६.२. तो कमीच होत चालला आहे, आणि फ्यूज तर प्रवाह वाढल्यावर उडतो. त्यामुळे अशा वेळी फ्यूजच्या भरवशावर राहता येत नाही. प्लगचा रंग तपकिरी झालेला दिसला, जळका वास आला, किंवा रॉडचे बटण बंद करून प्लग काढल्यावर तो गरम लागला, तर जोड खराब आहे असे समजावे. मग मोठ्यांना सांगायचे आणि वायरमनकडून अखंड जाड वायर घालून घ्यायची. बादलीतल्या पाण्यात बोट घालून बघायचे तेही बटण बंद करून, प्लग काढल्यावरच.

आता एक गणित तुमच्यासाठी. इस्त्री ७५० वॅटची आहे, दाब २३० व्होल्ट. तिचा प्रवाह व रोध काढा. तीच इस्त्री १ ओहमच्या जोडावर लावली तर जोडात किती वॅट उष्णता होईल? उत्तर १० च्या आसपास यायला हवे. घरी गेल्यावर आपल्या रॉडवरचा आकडाही वहीत लिहून आणा.