उठ म्हटलं की उठायचं नाही

अगं, भाऊबीजेला मामा आईकडे आला, सोबत तू आलीस. ओवाळून झालं, पोरं अंगणात टिकल्या फोडायला पळाली आणि तू माझ्या शेजारी चुलीपाशी येऊन बसलीस. फोन पालथा करून मांडीखाली दाबून ठेवला होतास, आणि तो सारखा थरथरत होता. "कुणाचा गं?" विचारलं, तर म्हणालीस, "वर्गाचा ग्रुप आहे, ताई." मग बराच वेळ काटक्या मोडत बसलीस आणि शेवटी फोन माझ्या हातात दिलास. त्यात तुझाच गणवेशातला फोटो होता, तोंडाच्या जागी माकडाचं तोंड चिकटवलेलं आणि खाली ओळीने हसणारी तोंडं.

आणि मग तू ती एसटीची गोष्ट सांगितलीस. फोटोपेक्षा तीच माझ्या जास्त जिव्हारी लागली. रोज सकाळी तू आपल्या फाट्यावर चढतेस, जागा असते, बसतेस. पुढच्या थांब्यावर तुझ्या वर्गातली ती मुलगी तिच्या दोन मैत्रिणी घेऊन चढते, तुझ्यापुढे येते आणि एकच शब्द बोलते, "उठ." तू उठतेस, घोडेगाव येईपर्यंत उभी राहतेस. जूनपासून हे चाललंय म्हणालीस. आणि सगळ्यात शेवटी म्हणालीस, "माझी चूक आहे ताई, मला बोलताच येत नाही."

तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहितेय. सावकाश वाच.

चूक तुझी नाही. आणि बोलता येत नाही हेही खरं नाही, तुला मोठ्याने भांडता येत नाही एवढंच. मलाही येत नव्हतं. मी आठवीत तालुक्याला शिकायला गेले, तेव्हा वर्गात माझं नाव 'हिरडा' पडलं होतं. उन्हाळ्यात आई आणि मी हिरडा वेचायचो, कातळावर वाळवायचो. त्याचा कस बोटांत असा मुरतो, की साबणाने घासलं तरी नखांच्या कडा काळ्याच राहतात. एका मुलीने पहिल्याच आठवड्यात माझा हात धरून सगळ्या वर्गाला दाखवला. पुढे डब्यातली नाचणीची भाकरी दाखवली. आणि एकदा तिच्या लक्षात आलं, की ही उलटून बोलत नाही, तेव्हा तिने तिची विज्ञानाची प्रयोगवही माझ्याकडे टाकायला सुरुवात केली. रात्री कंदिलापाशी बसून मी जास्वंदीचं फूल दोनदा काढायची, एकदा माझ्या वहीत आणि एकदा तिच्या. तिच्या वहीतलं जास्त नीट काढायची, कारण तिची भीती वाटायची. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

आपल्या भागात शूर म्हटलं की बाबू गेनू. म्हाळुंगे पडवळचा, आपल्याच आंबेगाव तालुक्यातला गिरणी कामगार, १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. डिंभ्याच्या धरणाला त्याचंच नाव आहे. शाळेत त्याच्यावर भाषणं व्हायची, आणि मी मागच्या बाकावर बसून विचार करायची, की हिंमत अशी असते, आपल्यात नाही. किती वर्षं मी तसं समजून चालले! हिंमत एकाच घडणीची नसते हे मला फार उशिरा कळलं. तुला ते आत्ताच कळावं असं वाटतं.

मला ते कळलं नाणेघाटात. दहावीला सहल गेली होती, जुन्नरवरून पुढे. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला. नवरा गेलेला, मुलं लहान, राज्याचा भार तिच्यावर. त्या लेखात तिने यज्ञ आणि दानं नोंदवून ठेवली आहेत, तीही आकड्यांनिशी. गायी किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती. भिंतीत त्या घराण्याच्या माणसांच्या मूर्ती होत्या, त्या तुटून गेल्या. मूर्तींच्या वर कोरलेल्या नावांत तिचं नाव मात्र वाचता आलं. सर सांगत होते, बाकीची पोरं तिथल्या दगडी रांजणापाशी फोटो काढत होती आणि मी त्या खडबडीत अक्षरांवरून हात फिरवत उभी होते. मूर्ती फुटली तरी नाव राहिलं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं होतं.

पुढे कॉलेजात मुक्ता साळवे वाचली. पुण्याची, मांग समाजातली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली. वय चौदा, म्हणजे बरोबर तुझ्याएवढं. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय' नियतकालिकात दोन भागांत छापून आला. तिच्यापुढे वर्गातली एक दांडगी मुलगी नव्हती गं, सगळा समाज होता. पेशवाईत तिच्या माणसांना तालीमखान्यासमोरून जायचीसुद्धा चोरी होती, ते तिने लिहिलं. ज्या धर्माचे ग्रंथ आम्हाला बघायचीही मुभा नाही तो धर्म आमचा कसा, हे तिने देवालाच विचारलं. ती बुजरी होती का धीट, मला ठाऊक नाही. पण तिला शिवी द्यावी लागली नाही की हात उगारावा लागला नाही. जे घडत होतं ते तिने जसंच्या तसं, नावानिशी कागदावर मांडलं. ते छापलं गेलं, म्हणून आज एवढ्या वर्षांनी मी तुला तिचं नाव सांगू शकते.

बुजऱ्या मुलीला जमेल असं बंड हे आहे, बाई. आधी लिहायचं.

वहीच्या मागच्या पानावर तारीख टाक. वेळ, जागा, कोण होतं, काय म्हणालं, कुणी पाहिलं, एवढंच. 'ती फार वाईट आहे' असं लिहू नकोस, 'सोमवारी सकाळी सात वीसच्या गाडीत मला सीटवरून उठवलं' असं लिही. ग्रुपवरचा फोटो रागाने डिलीट करशील, तर करू नकोस. त्याचा स्क्रीनशॉट काढ, पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसेल असा, आणि मला पाठवून ठेव. नाणेघाटाच्या सहलीनंतर मी हे केलं, तेव्हा पंधरा दिवसांत दीड पान भरलं. ते दीड पान वाचलं आणि पहिल्यांदा मला स्वतःची कीव न येता राग आला. तो राग मला उपयोगी पडला.

मग एका सकाळी मी तिची प्रयोगवही कोरीच परत केली. आदल्या रात्री गोठ्यात म्हशीसमोर उभी राहून वाक्य पाठ केलं होतं. "माझं अक्षर माझ्याच वहीत राहील." बोलताना आवाज चिरकला, पाय लटपटत होते, आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघूसुद्धा शकले नाही, तिच्या वेणीच्या रिबिनीकडे बघून बोलले. पण बोलले.

पुढचं सगळं गोड झालं असं मी तुला सांगणार नाही. दीड पान घेऊन मी आधी ज्या बाईंकडे गेले, त्या म्हणाल्या, "मैत्रिणीमैत्रिणींत असं चालायचंच." मी रडत बाहेर आले. तीन दिवसांनी तेच पान दुसऱ्या बाईंना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, तारखांवर बोट ठेवून वाचलं आणि त्याच दिवशी तिला बोलावून घेतलं. वही लिहिणं थांबलं. 'हिरडा' मात्र बरेच दिवस चाललं. महिनाभर माझ्यासोबत कुणी डबा खाल्ला नाही, ते दिवस मला अजून आठवतात. मग एक मुलगी येऊन बसली, तिचीही वही कुणीतरी लिहून घेत होतं. त्या दांडगीने माफी कधीच मागितली नाही. मीही वाट बघणं सोडलं.

म्हणून सांगते, पहिल्या बाईंनी ऐकलं नाही तर थांबायचं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, मुख्याध्यापक. शाळेत तक्रारपेटी असते, आणि राज्य सरकारने २०२२ मध्ये शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितलंय. तुमच्या शाळेतल्या समितीत कोण आहे ते विचार, समितीचा फलक कुठे लावलाय ते बघ. विचारायला लाज वाटली तर मी येते, मी विचारते. १०९८ हा मुलांचा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. तो पाठ करून ठेव.

आता त्या सीटचं. तुझ्या पिशवीतला एसटीचा पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतला आहे, पाचवी ते बारावीच्या गावाकडच्या मुलींना मोफत मिळतो तो. तो कुणी तुझ्यावर उपकार म्हणून दिलेला नाही. सोमवारी गाडीत वाहकाजवळच्या सीटवर बस. ती "उठ" म्हणाली, की तू म्हण, "मी बसलेय. तू दुसरी जागा बघ." एवढंच, जास्त नाही. कारण देऊ नकोस, माफी मागू नकोस, शिवी देऊ नकोस. आणि उठायचं नाही. ती पिशवी ओढेल, काहीतरी बोलेल. तू पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघ, हात लावला तर वाहकाला सांग. हे वाक्य रोज मोठ्याने म्हणून बघ, माळावर म्हण, शेळ्यांना ऐकव. पाठ असलं, की घाबरल्यावरही तोंडातून निघतं.

एक मात्र नीट ऐक. हे सगळं वर्गातल्या मुलीसाठी आहे, गाडीत, माणसांत. फाट्यावर कुणी मोठी पोरं गाडी आडवी लावत असतील, अंगाला हात लावत असतील, घाणेरडे फोटो मागत असतील, तर तिथे एकटीने उभं राहायचं नाही. आपल्याकडे उसाच्या कडेने संध्याकाळी कुणी एकटं जात नाही. दोघं-तिघं, हातात काठी, फोनवर मोठ्याने गाणं लावून जातात, बिबट्याच्या भागात तेच शहाणपण आहे. त्या माणसांना कुणी भित्रं म्हणत नाही. तुलाही कुणी म्हणणार नाही. असं काही झालं तर तडक माणसांत ये, ११२ लाव, मला लाव. अशा छळासाठी पॉक्सोचा कायदा आहे, आणि तो मुलीच्या बाजूने आहे.

तुझी खरी भीती मला माहीत आहे. मामाला कळलं तर म्हणेल, नको ती शाळा, बसव घरी, स्थळ बघू. म्हणून तू गप्प आहेस. आपल्या वाडीत किती मुलींची शाळा अशीच सुटली, दोघींनाही ठाऊक आहे. आधी मामीला सांगू, मी बरोबर असेन. मग मामाला. त्याला मी सांगेन, की पोरीने काही केलेलं नाही, आणि जिने केलंय ती शाळेत राहणार नि आपली घरी बसणार, हा कुठला न्याय? मामा तापट आहे, पण तारखा घातलेलं पान समोर ठेवलं की तो वाचेल. वाचल्यावर तो शाळेत तुझ्या बाजूने येईल, असा मला भरवसा आहे. आणि नाही आला, तर मी येईन.

सोमवारी शाळा उघडतेय. आज जेवणं झाली की वही काढ, मागच्या पानावर तारीख टाक आणि जूनपासून जेवढं आठवतं तेवढं लिही. पहिल्या चार ओळी झाल्या की फोन कर. कितीही वाजले असले तरी मी उचलेन.