‘छान आहे’च्या पुढे : मुलांच्या लघुपटांवर मुलांचाच अभिप्राय



आता बहुतेक घरांत मोबाइल आहे, त्यामुळे प्रकल्प म्हणून दोन मिनिटांचा लघुपट बनवणं सहावी-सातवीच्या मुलांना अवघड राहिलेलं नाही. आपल्या भद्रावतीत तर विषय शोधायला लांब जावंच लागत नाही. विजासन टेकडीतली बौद्ध लेणी आहेत, भद्रनागाचं मंदिर आहे, तळ्यावरचा जुना दगडी पूल आहे, नाहीतर रस्त्याने जाणारे कोळशाचे ट्रक आहेतच.

मुलं चित्रण करून आणतात, वर्गात दाखवतात. खरी अडचण त्यानंतर येते. "कसा वाटला?" असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "छान आहे!" आणि मागच्या बाकावरून एखादा आवाज येतो, "बेक्कार!" दोन्ही उत्तरांतून लघुपट बनवणाऱ्या गटाच्या हाती काहीच लागत नाही. त्यातही मुळात कमी बोलणारं मूल ‘बेक्कार’ ऐकलं की पुढच्या वेळी म्हणतं, "आमचा नाही दाखवत, मॅडम." काम दाखवणं थांबलं की त्या मुलाचं त्यातलं शिकणंही थांबतं. म्हणून अभिप्राय कसा द्यायचा हा एक वेगळा पाठ म्हणूनच घ्यावा लागतो.

सहाध्यायी मूल्यमापन आपल्याला नवीन नाही

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्प आहे, आणि ‘इतर’ साधनांत सहाध्यायी मूल्यमापन व स्वयंमूल्यमापनही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही प्रगतिपत्रकात शिक्षकांसोबत मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन असावं असं म्हटलं आहे. पण सहाध्यायी मूल्यमापन म्हणजे मुलांनी एकमेकांना दहापैकी गुण देणं नव्हे. गुण मिळाले की काम संपतं. अभिप्राय मिळाला की काम पुढे सरकतं.

अभिप्राय केव्हा घ्यायचा?

लघुपट पूर्ण व्हायच्या आधी. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. शीर्षक, संगीत, नावं सगळं टाकून झाल्यावर कोणी चूक दाखवली तर तो निकाल वाटतो. तीच चूक कच्च्या चित्रणात दाखवली तर ती मदत वाटते, कारण दुरुस्तीला अजून वेळ असतो.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून सिनेमाचं तंत्र शिकून आले, तेव्हा त्यांनी एकदम मोठा चित्रपट काढायला घेतला नाही. वाटाण्याचं रोप कसं उगवतं याचं छोटंसं चित्रण केलं आणि ते निवडक लोकांना दाखवलं. ते पाहून लोकांचा विश्वास बसला, भांडवलाची सोय झाली, आणि मग १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. मोठ्या कामाआधी छोटं काम चार जणांना दाखवणं ही आपल्या चित्रपटसृष्टीची सुरुवातीपासूनची रीत आहे, हे मुलांना आवर्जून सांगा.

पाठ कसा घ्यावा? (दोन तासिका)

साहित्य : मोबाइल, शाळेतला टीव्ही किंवा प्रोजेक्टर, अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्या.

१. आधी गट प्रश्न विचारतो. उदा. "पुलाची माहिती सांगणारा आवाज नीट ऐकू येतो का?" प्रश्न असला की बघणाऱ्यांना काय बघायचं ते कळतं.

२. पहिल्यांदा लघुपट शांतपणे पाहायचा. कोणी बोलायचं नाही, लिहायचंही नाही.

३. दुसऱ्यांदा पाहताना चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या : मला काय दिसलं किंवा ऐकू आलं, मी कुठे अडलो, आणि माझी एक सूचना.

४. चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या. गटाने मध्ये उत्तर द्यायचं नाही, फक्त टिपून घ्यायचं. "पण आम्ही तर..." सुरू झालं की ऐकणं बंद होतं.

५. गटाने त्यातल्या एक-दोन सूचना निवडायच्या. बाकीच्या का घेतल्या नाहीत तेही सांगायचं. लघुपट त्यांचा आहे, शेवटचा निर्णयही त्यांचाच.

६. आठवड्याने सुधारलेला लघुपट पुन्हा दाखवायचा. ही पायरी गाळू नका. आपल्या सूचनेने फरक पडला हे दिसलं की चिठ्ठी लिहिणारं मूलही पुढच्या वेळी जास्त लक्ष देऊन पाहतं.

नेमकं म्हणजे काय?

समजा, एका गटाने पुलावर उभं राहून चित्रण केलं. एक चिठ्ठी म्हणते, "आवाज खराब." दुसरी म्हणते, "चाळीस सेकंदांनंतर वाऱ्याचाच आवाज येते, ती काय सांगते ते ऐकूच येऊन नाही राहिलं." दुसरी चिठ्ठी वाचली की काय करायचं ते गटाला आपोआप सुचतं. मोबाइल जवळ धरायचा, किंवा माहिती घरी शांत खोलीत वेगळी रेकॉर्ड करून चित्रणाला जोडायची. आणि हो, चिठ्ठीतली बोली तशीच राहू द्या. इथे शुद्धलेखन तपासायला गेलो तर मूल लिहिणंच सोडून देतं.

एका वेळी एकच बाजू घ्या. आज आवाज, पुढच्या वेळी दृश्यांचा क्रम. अमेरिकेतले शिक्षक रॉन बर्गर मुलांना एक उदाहरण दाखवतात. पहिलीतल्या एका मुलाने फुलपाखराचं चित्र काढलं. सोबत्यांनी आधी फक्त पंखांच्या आकाराबद्दल सांगितलं, आकार जमल्यावर नक्षीबद्दल. सहाव्या खेपेचं चित्र पहिल्या चित्राशेजारी ठेवलं तर ते एकाच मुलाचं आहे हे खरं वाटत नाही.

असं बारकाईनं बोलणं आपल्या मुलांच्या कानांवर पडलेलंच असतं. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांत दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रंगतात. कोणता प्रवेश लांबला, कोणाचं गाणं जमलं, यावर दुसऱ्या दिवशी गावात चर्चा चालते. ज्यांचे पाहुणे तिकडे आहेत अशा मुलांना त्याबद्दल वर्गात बोलतं करा.

शिक्षकांनी काय सांभाळायचं?

चेहरा, रंग, कपडे, घर आणि बोली यांवर एकही शब्द नको, हा नियम फळ्यावर लिहून ठेवा. बोलायचं ते कामावर. "तू घाबरतेस" असं नको, "शेवटची दोन वाक्यं घाईत गेली" असं चालेल. ज्यांच्या घरी मोबाइल नाही ती मुलं मागे पडू नयेत म्हणून गट तसे पाडा. आणि आपण सर्वांत शेवटी बोला. आपण आधी बोललो की सगळ्या चिठ्ठ्यांवर आपलंच मत येतं.

नोंद घेताना फक्त लघुपट बनवणाऱ्यांची घेऊ नका. ‘सोबत्याच्या कामातली नेमकी अडचण सांगतो व उपाय सुचवतो’ ही नोंदसुद्धा मोलाची आहे. कधी कधी अभ्यासात मागे असलेलं मूल इथे सगळ्यांत चांगलं पाहणारं निघतं.

पालकांसाठी दोन शब्द : मुलाचं चित्रण स्वतः दुरुस्त करून देऊ नका, आणि पूर्ण व्हायच्या आधी स्टेटसला ठेवू नका. "हे इथूनच का घेतलंस?" एवढं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या.

पुढचा प्रकल्प देताना कच्चं चित्रण दाखवायची तारीख आधी ठरवा, पूर्ण लघुपटाची नंतर. आपल्या वर्गात करून पाहा आणि मुलांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. पहिल्या प्रकल्पाच्या चिठ्ठ्या आणि तिसऱ्या प्रकल्पाच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचल्या, की मुलं पाहायला कितपत शिकली ते आपल्याला कळेल.