‘तेल कमी करा’, पण शिजवायचे कशात? : अल्पस्नेह आहार आणि करणविचार

मेदोरोग, प्रमेह, हृद्रोग अथवा यकृताच्या विकाराचा रुग्ण समोर बसला की पथ्याच्या कागदावर आपण पहिली ओळ लिहितो ती ‘तेल, तूप, तळलेले वर्ज्य’ अशी. औषधाची मात्रा, अनुपान व काल आपण काटेकोरपणे लिहितो. आहाराच्या बाबतीत मात्र काय खाऊ नये एवढेच सांगून थांबतो. धरमतर खाडीच्या परिसरात, पेण-वडखळकडून नागोठणे-रोह्यापर्यंत, आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या घरी या एका ओळीचे तीन प्रकारे आचरण होते. काही घरांत ती आठवड्याभरात विसरली जाते. काही घरांत तेल संपूर्ण बंद होते व रुग्ण कोरडी भाकरी आणि उकडलेली भाजी खाऊ लागतो. अलीकडे तिसरा प्रकार वाढला आहे. मुंबईत नोकरी करणारा मुलगा एअर फ्रायर आणून देतो आणि ‘आता काहीही खा, तेल लागतच नाही’ असे सांगून जातो.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारातील रुग्णांविषयी प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे. कारण तेल कमी करण्याचा सल्ला त्यांनी पाळला आहे आणि तरीही त्यांच्यापैकी अनेक जण दोन-तीन महिन्यांत मलावष्टंभ, आध्मान, त्वचेचे रौक्ष्य, निद्राल्पता अशी लक्षणे घेऊन परत येतात. औषधालय चालविणाऱ्या बंधु-भगिनींना हे आपल्याही आधी कळते. पूर्वी त्रिफळा चूर्णाची एक डबी दोन महिने पुरविणारा ग्राहक दर पंधरवड्याला सोनामुखीयुक्त चूर्ण मागू लागला, तर त्याला ‘घरी हल्ली जेवण कशात करता?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराची जी आठ विशेषायतने सांगितली आहेत, त्यांत प्रकृतीच्या लगेच नंतर ‘करण’ येते. करण म्हणजे द्रव्यावर होणारा संस्कार. जल व अग्नी यांचा संनिकर्ष, शौच, मंथन, देश, काल यांच्यासह तेथे ‘भाजन’ म्हणजे पात्राचाही स्पष्ट निर्देश आहे. याचा अर्थ असा की तेच द्रव्य, तेवढेच तेल, पण पात्र व अग्निसंयोग बदलला तर गुण बदलतात. आपण राशीविषयी बोलतो आणि करण सोडून देतो. त्याच अध्यायात भोजन उष्ण व मात्रायुक्त असावे तसे ते स्निग्धही असावे असे विधान आहे, ही गोष्ट ‘तेल वर्ज्य’ लिहिताना विस्मरणात जाते.

प्रथम राशीचा प्रश्न निकालात काढू. ‘तेल किती खाता?’ असे विचारल्यास प्रत्येक रुग्ण ‘अगदी थोडे’ असेच उत्तर देतो. त्याऐवजी महिन्याला घरात तेलाच्या किती पिशव्या येतात व जेवणारी माणसे किती, एवढे विचारावे. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरते. पाच माणसांच्या घरात महिन्याला ६ लिटर तेल येत असेल, तर माणशी रोज सुमारे ३७ ग्रॅम झाले. नाक्यावरचा वडापाव, घरचे तूप व नारळ त्यात नाहीत. ओल्या खोबऱ्याचा सुमारे एक तृतीयांश आणि शेंगदाण्याचा जवळजवळ अर्धा भाग स्नेहच असतो. आमच्या भागात ही बाब महत्त्वाची आहे. पाट्यावर खोबरे वाटण्याचे कष्टच त्याचे प्रमाण मर्यादित ठेवीत. मिक्सर आल्यावर दोन नारळांचे दूध पाच मिनिटांत निघते. एक ग्रॅम स्नेहातून ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्ट व प्रथिनांतून ४. चहाच्या एका चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावते, म्हणजे ४० किलोकॅलरी. बैठे काम करणाऱ्या स्थूल रुग्णास आम्ही दिवसाला चार सपाट चमचे सांगतो आणि तो चमचा तेलाच्या बरणीतच ठेवावयास सांगतो.

येथे आपल्याच घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. तूप औषधी म्हणून ते हिशेबाबाहेर, अशी समजूत रुग्णांत आहे व काही प्रमाणात आपणही ती जोपासतो. एखाद्या रुग्णास औषधी घृत १० मिलिलिटर दोन वेळा दिले, तर दिवसाला सुमारे १८ ग्रॅम स्नेह व १६० किलोकॅलरी आपल्याच चिठ्ठीतून गेल्या. देऊ नये असे नव्हे. पण तेवढ्या काळापुरते आहारातील तेल त्या मानाने कमी करावे. औषध देताना काउंटरवर एवढे वाक्य बोलले गेले तरी पुष्कळ काम होते.

आता करणाकडे वळू. घरात आढळणाऱ्या उपकरणांकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता ती फारशी नवीन वाटत नाहीत. रसशास्त्रातील स्वेदनी यंत्र आठवावे. स्थालीत पाणी, मुखावर बांधलेले वस्त्र, वस्त्रावर स्वेद्य द्रव्य व वर झाकण. कोकणात मोदकपात्र याहून वेगळे काय आहे? इडलीपात्रही तेच. बाष्पाने शिजलेला पदार्थ मृदू राहतो, स्वतःची आर्द्रता टिकवतो आणि तेलाशिवाय रूक्ष होत नाही. म्हणून अल्पस्नेह आहारासाठी आम्ही प्रथम स्थान या जुन्या पात्राला देतो. अळूवडी वाफवून झाल्यावर ती तळण्याची गरज नसते; काप करून बिडाच्या तव्यावर अर्धा चमचा तेलात दोन्ही बाजूंनी परतल्यास घरातील इतर माणसेही तक्रार करीत नाहीत. हळदीच्या पानात गुंडाळून वाफवलेली मासळी, तांदळाची उकड, पानगी हे सर्व या वर्गातले. जिताडा हा आमच्या खाडीचा मानाचा मासा. तो मुळातच स्निग्ध. त्याची तुकडी रव्यात घोळवून तळली की रव्याचा थर तेल धरून ठेवतो. त्याच तुकडीला आगळ, हळद, लसूण लावून वाफवले तर बाहेरून एक थेंबही लागत नाही. (नारळाच्या दुधातील मासळी विरुद्धाहार होय काय, असे रुग्ण वारंवार विचारतात. ग्रंथोक्त निषेध क्षीराचा आहे, नारिकेल-रसाचा नव्हे, असे आमचे मत.)

प्रेशर कुकर हे स्वेदनाचेच तीव्र रूप. झाकण घट्ट असल्याने आतील दाब वाढतो व पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. डेनिस पापँ याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे पात्र दाखविले होते. शिंबीधान्यांसाठी हे उत्तम. आमच्या भागातील वाल, म्हणजे निष्पाव, गुरू, विदाही व वातकर. तो भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे केले की त्याचे गुरुत्व बरेच उतरते. मग एका शिटीत काम भागते, अधिक झाल्यास लगदा होतो. चार माणसांच्या बिरड्याला एक चमचा तेल पुरते, मात्र ती फोडणी शेवटी वरून द्यावी. हिंग, जिरे, ओवा यांचे सुगंधी अंश तेलातच उतरतात; ती फोडणी आरंभी घालून पदार्थ दीर्घकाळ शिजवला तर गंध उडून जातो आणि गृहिणी चव नाही म्हणून आणखी तेल घालते. फोडणी हे दीपन-पाचनाचे वाहन आहे. ते पूर्ण काढून वातकर धान्य खावयास सांगणे ही अपथ्याचीच व्यवस्था होय.

एअर फ्रायरविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक गैरसमज त्याबाबत आहेत. २०१० मध्ये फिलिप्स कंपनीने या नावाने पहिले यंत्र बाजारात आणले. नावात तळणे असले तरी क्रिया तळण्याची नाही. बंदिस्त जागेत साधारण १६० ते २०० अंश तापलेली हवा पंख्याने वेगाने फिरविली जाते, पृष्ठभागावरील पाणी लवकर उडते आणि पदार्थ कुरकुरीत होतो. उष्णता आणि वेगवान वायू यांच्या संयोगाने होणारे हे शोषण आहे. तळलेल्या वड्यापेक्षा यात स्नेह पुष्कळच कमी, याबद्दल वाद नाही. पण स्नेह कमी झाला म्हणून पदार्थ लघू व पथ्यकर झाला असे नव्हे. तो रूक्ष व खर झाला. कफप्रधान, स्थूल, अग्नी बरा असलेल्या रुग्णास हे यंत्र खुशाल वापरू द्यावे. साठीपुढील वातप्रकृतीच्या, दात गेलेल्या, मुळात मलावष्टंभ असलेल्या रुग्णास दोन्ही वेळा त्यातलेच अन्न मिळू लागले तर काय होईल ते वेगळे सांगावयास नको. अशा घरी यंत्र असल्यास आठवड्यातून दोनदाच वापरावे. मासळीला आधी एक चमचा तेल चोळून घ्यावे आणि त्या जेवणात पेज, सार किंवा ताक असा द्रव पदार्थ ठेवावाच. आणखी एक गोष्ट. बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरड्या उष्णतेत तांबूस होताना अ‍ॅक्रिलामाइड नावाचे अनिष्ट द्रव्य तयार होते. तेल नसले तरी ते होते. काप सोनेरी होताच काढावेत, करपवू नयेत.

या यंत्राचा विचार करताना आम्हाला पोपटी आठवते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की रायगडच्या शेताशेतांत ती लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मध्ये जाडे मीठ व ओवा, तोंडाशी पुन्हा पाला. मग मडके उपडे ठेवून भोवती पेंढा व काटक्या पेटवून द्यावयाच्या. पाणी नाही, तेल नाही. ही कोरडी आच असूनही अन्न रूक्ष होत नाही, कारण पाल्याची व शेंगांची आर्द्रता बंद मडक्यातच फिरते. आपल्या पुटपाकाशी याचे नाते उघड आहे. निघंटूतील कुकुंदर म्हणून जी वनस्पती ओळखली जाते ती हीच किंवा हिची जवळची जात; आणि वालासारख्या वातकर धान्याबरोबर ओवा घालण्याची सूज्ञता लोकांनी कोणत्याही ग्रंथावाचून सांभाळली आहे. घरच्या घरी जाड बुडाच्या मातीच्या भांड्यात, घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर शेंगा व रताळी अशी शिजविता येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही मातीच्या भांड्यांची शिफारस आहे.

निर्लेप तव्याबद्दल थोडक्यात. घावन, आंबोळी यांना तो सोयीचा. पण रिकामा तवा मोठ्या आचेवर तापवू नये, सुमारे २६० अंशांपुढे त्याचा लेप बिघडू लागतो. चरे पडलेला तवा टाकून द्यावा. नीट मुरवलेला बिडाचा तवा, कापलेल्या कांद्याने तेल पुसून घेतला तर, तेच काम करतो आणि नातवंडांपर्यंत टिकतो. मायक्रोवेव्हचा उपयोग आमच्या मते पेणचा पापड भाजण्यापुरता व अन्न गरम करण्यापुरता पुरे; मात्र भांडे काचेचे असावे. आणि पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून कोणाचेही पथ्य केवळ विजेच्या यंत्रावर अवलंबून ठेवू नये.

अल्पस्नेह आहार कोणाला, हा प्रश्न शेवटी उरतोच. चरकाचार्यांनी प्रमेहचिकित्सेत स्थूल-बलवान व कृश-दुर्बल असे दोन रुग्ण वेगळे केले असून दुसऱ्यास बृंहण सांगितले आहे. कृश प्रमेह्याच्या हाती ‘तेल-तूप बंद’ असा छापील कागद देणे शास्त्रविरोधी आहे. आधुनिक अभ्यासही सरसकट स्नेहत्यागाला पाठिंबा देत नाहीत. अमेरिकेत सुमारे ४९ हजार रजोनिवृत्त स्त्रियांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, केवळ एकूण स्नेह कमी करण्याने सरासरी आठ वर्षांत हृद्रोगाचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. तेलाची जागा भात, पाव व साखरेने घेतली तर रक्तातील ट्रायग्लिसराइड उलट वाढतात. आमच्या भातखाऊ भागात हा धोका प्रत्यक्ष आहे. तेल सोडलेला रुग्ण भाताची मूद वाढवतो. मधुमेहावर इन्शुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने आहार एकदम घटविल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्याच्या औषधाची मात्रा देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच बदल करावा. झपाट्याने वजन उतरविणाऱ्या अतिअल्प स्नेहाच्या आहारात पित्ताश्मरीचा संभवही वाढतो. याउलट एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापविणे सर्वांनाच वर्ज्य. २०१८ पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय घटकांची मर्यादा कायद्याने २५ टक्के ठरविली आहे. घरी हे मोजता येत नाही, म्हणून एका तळणीचे तेल दुसऱ्या तळणीस वापरूच नये.

ऋतूचाही विचार हवा. वर्षा ऋतूत वातप्रकोप व अग्निमांद्य असते. आषाढात रूक्ष आहार सुरू केलेल्या रुग्णांना त्रास अधिक होतो असे आमचे निरीक्षण आहे. स्थूल रुग्णाचा तेलत्याग वसंतात आरंभावा, पावसाळ्यात वाफेच्या पदार्थांवर भर देऊन गरम पेजेवर अर्धा चमचा तूप चालू द्यावे, तेही चार चमच्यांच्या हिशेबात धरूनच.

पथ्याचा कागद नव्याने छापताना ‘वर्ज्य’ या स्तंभाशेजारी ‘कशात शिजवावे’ असा एक स्तंभ आम्ही घातला आहे. त्यात वाफ, कुकर, बिडाचा तवा, मातीचे भांडे व एअर फ्रायर अशी पाच नावे असून प्रकृती, अग्नी व दातांची अवस्था पाहून आम्ही त्यांवर खूण करतो. कागद देताना स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर असावी असा आग्रह धरतो. बहुधा ती रुग्णाची पत्नी किंवा सून असते, आणि घरात कोणती भांडी आहेत हे तिलाच ठाऊक असते.